छायाचित्रांत कोण आहे?

गेल्या अंकीं आम्हीं पंगतीच्या शिष्टाचाराविषयीं चार शब्द लिहिले होते. या अंकीं लग्नघरांतल्याच दुसऱ्या एका विषयाकडे वळतों. लग्नसराई जवळ आली म्हणजे गृहस्थाच्या घरांत याद्या होऊं लागतात. आमंत्रणांची यादी, आहेराची यादी, वाणसामानाची यादी, भटजींनीं सांगितलेल्या पूजासाहित्याची यादी. अलीकडे या चारींत पांचवीची भर पडली आहे, ती छायाचित्रकाराशीं करावयाच्या ठरावाची. साखरपुड्याचे फोटो किती, हळदीचे किती, लग्नाचे किती, अल्बम किती पानांचा. आणि या सर्वांच्या आधीं वधूवरांनीं एखाद्या घाटावर, टेकडीवर किंवा जुन्या वाड्यांत जाऊन काढवून घ्यावयाचीं चित्रें निराळींच. या शेवटच्या प्रकारास ‘प्री-वेडिंग’ असें म्हणतात. सुज्ञ वाचकांच्या घरीं हा शब्द येऊन गेला असेल व त्यावरून थोडीबहुत कुरबूरही झाली असेल. आमच्या घरींही झाली, आणि खरें सांगावयाचें तर ती करण्यांत आम्हीच पुढें होतों. ती कुरबूर भलत्याच ठिकाणीं जाऊन पोंचली. घडलें तसें सांगतों.

आमच्या थोरल्या बंधूंची नात गेल्या मार्गशीर्षांत बोहल्यावर चढली. साखरपुडा कार्तिकांत झाला. त्यानंतर आठ दिवसांनीं ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “आबा, रविवारीं आम्ही दोघं मेणवलीला जाणार आहोंत, फोटो काढायला. तुम्ही नाहीं म्हणूं नका.” मेणवली आमच्या वाईपासून अगदीं जवळ. नाना फडणिसांचा वाडा व कृष्णेवरचा घाट आम्हांस लहानपणापासून परिचित. त्या घाटावर आम्हीं मुलांच्या सहली नेल्या, पेशवाईचे धडे दिले. तेथें विवाह होण्याच्या आधींच वधूवरांनीं नटूनसजून हातांत हात घालून उभें राहावें, आणि तिसऱ्याच माणसानें ‘आतां जरा हंसा’ म्हणावें, ही कल्पना आम्हांस मुळींच रुचली नाहीं. वाङ्‌निश्चय म्हणजे वाणीनें दिलेला शब्द. त्या शब्दास चित्राचा पुरावा कशाला, असें आम्ही बरेंच कांहीं बोललों.

नात गप्प बसली. वहिनी, म्हणजे तिची आजी, शेजारींच तांदूळ निवडीत होत्या. आमचे बंधु २०१९ सालीं निवर्तले; तेव्हांपासून वहिनी घरांतल्या मोठ्या गोष्टींत सहसा बोलत नाहींत. त्या दिवशीं मात्र हातांतलें सूप खालीं ठेवून त्या म्हणाल्या, “भाऊजी, लग्नाच्या आधीं माझाही फोटो काढला होता. मागें राजवाड्याच्या जिन्याचा पडदा, शेजारीं तिवईवर फुलदाणी, आणि मधें मी एकटी. तो फोटो सात घरीं जाऊन परत आला, आणि आठव्या घरीं, म्हणजे इथं, राहिला. पसंत करायला माझा फोटो हवा होता. ह्यांचा मला कुणी दाखवला नव्हता. आतां दोघं शेजारीं उभीं राहतात. त्यांत वाईट तें काय?”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. पत्रिकेबरोबर मुलीचा फोटो पाठविण्याची चाल आपल्या घरांतून पुष्कळ वर्षें होती, आणि तिच्याविषयीं ‘हें अनुचित आहे’ असें आम्हीं एकदांही म्हटलें नव्हतें. त्या चालींत एक बाजू पाहणारी व दुसरी दाखविली जाणारी असे. मेणवलीच्या घाटावर दोघांनींही दाखविलें जावयाचें होतें व दोघांनींही एकमेकांस पाहावयाचें होतें. न्यायाच्या दृष्टीनें नवी रीत जुनीपेक्षां सरळ निघाली. आम्हीं संमति दिली. परंतु आम्हीही बरोबर येऊं, अशी अट घातली. नातीनें कपाळाला आठी न घालतां ती मान्य केली, हें तिचें सौजन्य.

छायाचित्रकार आमच्याच शाळेंतला निघाला. वहीच्या मागच्या पानांवर चित्रें काढल्याबद्दल त्यास आम्हीं अनेकदां बाकावर उभें केलें होतें. त्यानें आम्हां सर्वांस सकाळीं साडेसहाला घाटावर बोलाविलें होतें. इतक्या पहांटे कशाला, म्हणून विचारलें तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, दुपारचं ऊन डोक्यावरून येतं. भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि माणसं थकलेलीं दिसतात. सकाळचं ऊन तिरपं आणि मऊ असतं.” इतकें सांगून त्यानें कॅमेरा पिशवींतच ठेवला आणि दोघांना पायऱ्यांवर बसवून गप्पा मारावयास प्रारंभ केला. लहानपणीं कोठें राहत होतां, घरांत सर्वांत जवळचें कोण, रागावल्यावर आधीं कोण बोलतें. अर्धा तास असा गेला. ऊन वर येत होतें. आम्हांस राहवेना. आम्हीं त्यास बाजूला घेऊन म्हटलें, “अरे, उजेड फुकट चालला.” तो म्हणाला, “गुरुजी, आज चित्रांचं काम निम्मंच आहे. लग्नाच्या दिवशीं मी ह्यांना परका वाटलों तर हीं मला पाहून आंखडतील. आज संवय झाली म्हणजे त्या दिवशीं मी तिथं आहें हेंच विसरतील. आणि मला हवीं तीं चित्रं विसरल्यावरच मिळतात.”

त्या गप्पांत नात म्हणाली कीं, ती आजीच्या कुशींत झोपून मोठी झाली, आणि परीक्षेच्या दिवसांत आजी पहांटे चारला उठून तिच्याजवळ बसे. हें आम्हीही ऐकलें. पण आम्हीं ऐकलें आणि विसरलों. त्या मुलानें तें लक्षांत ठेविलें. हा फरक पुढें कामास आला.

घरीं आल्यावर कुतूहल म्हणून आम्हीं या विद्येचा थोडा इतिहास वाचून काढला. १८३९ सालीं फ्रान्समध्यें डाग्येर याची पद्धति प्रसिद्ध झाली. १८५१ मध्यें इंग्लंडांत आर्चर यानें कांचेवर ओलें द्रव्य लावून चित्र घेण्याची युक्ति काढली. आपल्या मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रणाचें मंडळ स्थापन झालें होतें, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंतल्या पहिल्या एतद्देशीय मंडळींपैकीं होते. त्या काळीं चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत, व तेवढ्यांत मान हालली तर चेहरा पुसट होई. म्हणून बसणाराच्या मानेमागें लोखंडी चिमट्याचा आधार लावीत. आपल्या खापरपणजोबांच्या चित्रांत जो करारी चेहरा आपण कौतुकानें दाखवितों, त्यांतला बराच करारीपणा त्या चिमट्याचा असण्याचा संभव आहे! अशा यंत्रानें मांडवांतला हलता विधि टिपणें अशक्य. म्हणून लग्न झाल्यावर जोडप्यास चित्रशाळेंत नेत. नवरा खुर्चीवर, बायको शेजारीं उभी, मागें रंगविलेला पडदा. १८७१ नंतर कोरड्या कांचा आल्या, १८८८ सालीं कोडॅकचा गुंडाळीचा कॅमेरा आला, आणि यंत्र चित्रशाळेबाहेर पडलें. आमच्या तरुणपणीं पुष्कळ मध्यम स्थितीच्या घरांत ‘आग्फा क्लिक थ्री’ नांवाचा काळा डबा असे. त्याच्या एका रोलवर बारा चित्रें निघत. बाराच असल्यामुळें प्रत्येक वेळीं प्रश्न पडे, हें चित्र कोणावर खर्च करावयाचें? आतां तो हिशेब राहिला नाहीं. एका लग्नांत हजारों चित्रें निघतात. तेव्हां कोणी वगळलें जाण्याचें कारणच उरलें नाहीं, असा आमचा समज होता.

त्या मुलाविषयीं आमचें मत चांगलें झालें, तरी लग्नाच्या दिवसाची धास्ती होतीच. तिला कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं एका नातलगाच्या लग्नास आम्ही गेलों होतों. सप्तपदी चालली होती. तांदळाच्या सात पुंजक्यांवरून वधूचें सातवें पाऊल पडलें, आणि तेथला छायाचित्रकार मोठ्यानें म्हणाला, “थांबा, पुन्हां एकदां घ्या, मधें कुणाचा तरी हात आला!” भटजींनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं भटजींकडे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमांत असें आहे कीं, ज्या विवाहविधींत सप्तपदीचा अंतर्भाव होतो, तेथें सातवें पाऊल टाकतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे तीं दोघें त्या क्षणीं पतिपत्नी होऊन चुकलीं होतीं. तेंच पाऊल पुन्हां टाकावयाचें म्हणजे काय करावयाचें? सातवें पाऊल सख्याचें आहे. तें एकदां टाकलें कीं झालें. परंतु यजमानांनीं कांहीं म्हटलें नाहीं, व मुलीनें तें पाऊल पुन्हां टाकलें.

विवाहांत अग्नि साक्षी असतो. पाणिनीनें ‘साक्षी’ हा शब्द ‘साक्षात्’ यापासून, प्रत्यक्ष पाहणारा या अर्थीं सिद्ध केला आहे. जो पाहतो तो साक्षी. जो ‘असें करा, म्हणजे मीं पाहिलें असें सांगेन’ म्हणतो, तो साक्षी नव्हे. न्यायालयांत अशा माणसास निराळें नांव आहे. कॅमेरा हा आतां लग्नांतला दुसरा साक्षी झाला आहे, हें आम्हांस कबूल आहे. त्यानें साक्षीच्या मर्यादेंत राहावें, एवढेंच आमचें म्हणणें होतें.

म्हणून आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास सुवाच्य अक्षरांत अकरा कलमें लिहून दिलीं. कोणताही विधि चित्रासाठीं थांबवूं नये व पुन्हां करवूं नये. वधूवर व अग्नि यांच्यामध्यें कोणी उभें राहूं नये. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकच असतो व अक्षता त्याच वेळीं पडतात. तेव्हां आधींच बाजूला जागा धरावी. लाजाहोमाच्या वेळीं वधूचा भाऊ तिच्या ओंजळींत लाह्या घालतो, तेव्हां खालीं बसूनच चित्र घ्यावें. अशीं अकरा. त्यानें कागद उभ्यानें वाचला, घडी करून खिशांत ठेविला व म्हणाला, “गुरुजी, कुठल्या विधीला कुठं उभं राहायचं हें इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. होमाच्या वेळीं मी झगझगीत दिवाही मारणार नाहीं. धुरावरून तो प्रकाश परत फिरतो आणि सगळं पांढुरकं दिसतं.” आम्हांस धन्यता वाटली. आपण लग्नाची मोठी सेवा केली, अशा समजुतींत आम्ही होतों.

लग्न वाईच्याच एका कार्यालयांत झालें. मुहूर्त सकाळचा. त्या मुलानें अकराही कलमें पाळलीं. तो कोठें उभा आहे हें पुष्कळदां शोधावें लागे. पंगती बसण्यापूर्वीं घरच्या मंडळींचा एकत्र फोटो व्हावयाचा होता. मधें वधूवर, दोन्ही बाजूंस आईबाप, मागें काका, मामा, आत्या, मावश्या, पुढें सतरंजीवर मुलें. आम्ही अर्थातच व्यवस्थेस उभे. उंच मागें, ठेंगणे पुढें, हें काम आम्हीं प्रार्थनेच्या रांगांतून जन्मभर केलेलें. सर्व जागच्या जागीं झालें तेव्हां आम्हीं त्यास खूण केली. त्यानें कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हां खालीं घेतला.

“गुरुजी, आजी कुठं आहेत? त्या आल्या कीं काढूं.”

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मागून कोणीतरी म्हणालें, “त्या आंत आहेत. त्यांना नको असतं.” नातीनें मान वळविली व ती आमच्याकडे पाहूं लागली. आम्ही कोठीच्या खोलींत गेलों.

वहिनी नारळांच्या पोत्यापाशीं बसल्या होत्या. ओटीचे नारळ मोजून देण्याचें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलें होतें. तें काम असें आहे कीं, करणारें माणूस दिवसभर कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. आम्ही म्हणालों, “वहिनी, चला. फोटो व्हायचा आहे.”

“भाऊजी, अशा वेळीं मी मधें कशाला? तुम्ही घ्या काढून.”

“नात थांबली आहे.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग शांतपणें म्हणाल्या, “तुमच्या लग्नांत तुमच्या आई तरी कुठं आल्या होत्या?”

हा प्रश्न आम्हांस बोचावा म्हणून त्यांनीं विचारला नव्हता. या घरची जी रीत त्यांनीं सून म्हणून पाहिली, तिचा दाखला दिला होता, इतकेंच. आम्ही संस्कृत शिकलों, धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळले; परंतु त्या वेळीं बाजूनें वा विरुद्ध एकही वचन आम्हांस आठवलें नाहीं, आणि विरुद्ध आठवलें असतें तरी आम्हीं तें सांगितलें नसतें. आम्ही एवढेंच म्हणूं शकलों, “आल्या नव्हत्या, वहिनी. म्हणूनच चला.”

त्या उठल्या. हाताला लागलेले नारळाचे धागे झटकले, पदर सारखा केला. नातीनें आपल्या शेजारची खुर्ची रिकामी करवून ठेविली होती. त्या बसल्या तशी नातीनें त्यांचा हात आपल्या हातांत घेतला. छायाचित्रकारानें ‘इकडे पाहा’ असें म्हटलें नाहीं. म्हणून त्या चित्रांत सर्व माणसें समोर पाहतात आणि वहिनी तेवढ्या नातीच्या हातांतल्या हिरव्या चुड्याकडे पाहत आहेत.

रात्रीं सर्व आटोपून घरीं आल्यावर आमच्या सौभाग्यवतीनें विषय काढला. “अहो, त्या मुलाला तुम्ही अकरा कलमं लिहून दिलींत. अग्नीसमोर कुणी उभं राहूं नये, हें लिहिलंत. वहिनींना बोलवायचं, हें कुठल्या कलमांत होतं?”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. तिनें कपाट उघडून आमच्या लग्नाचा अल्बम काढला. आमचें लग्न १९८४ च्या वैशाखांत झालें. रंगीत चित्रें महाग पडत, म्हणून आम्हीं काळीपांढरींच घेतलीं. बारांचे तीन रोल. छत्तिसांपैकीं चौतीस चित्रें चांगलीं उतरलीं. त्या रात्रीं आम्हीं तीं एकेक करून पाहिलीं. एक दूरचे काका तीन चित्रांत आहेत. बँडवाला एकांत आहे. शेजारच्या गृहस्थांचा जो मुलगा बोलाविल्याशिवाय आला होता, तोही एकांत आहे. आई एकांतही नाहीं. वडील १९७१ सालीं वारले होते. तेव्हां मंगलकार्यांत ती पुढें येत नसे, आणि कोणी तिला पुढें बोलावीतही नसे.

मग सौभाग्यवतीनें वधुप्रवेशाच्या चित्रावर बोट ठेविलें. उंबरठ्यावर माप आहे, तें लवंडावयास ती उभी आहे, शेजारीं आम्ही नव्या कोटांत ताठ. उजव्या कडेला माजघराचें दार अर्धें कापलें गेलें आहे, व त्या कडेशीं एक हात दिसतो. हातांत किल्ल्यांचा जुडगा. हें चित्र आम्हीं शंभरदां पाहिलें असेल. प्रत्येक वेळीं आपला कोटच पाहिला असेल. तो हात आईचा. कोठीच्या किल्ल्या त्या दिवशीं तिच्यापाशीं होत्या. पुढें दोन वर्षांनीं ती गेली. तिचें एकच छायाचित्र घरांत आहे, तें पेन्शनच्या कागदासाठीं काढलेलें.

यांत त्या वेळच्या छायाचित्रकाराचा कांहीं दोष नव्हे. त्यास कोणीं सांगितलें नाहीं. सांगावयाचें काम आमचें होतें. आम्ही पंचवीस वर्षांचे होतों, शिकलेले होतों, शाळेंत मुलांस महर्षि कर्व्यांचा धडा शिकवीत होतों. १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, हें सन आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! आणि आमच्याच घरची विधवा कोठींत बसली आहे, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतल्या हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें, पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांस तसें करण्याचें आवाहन केलें. तें वृत्त वाचून आम्हीं घरांत मोठ्यानें ‘छान झालें’ असें म्हटलें होतें. वहिनी तेथेंच बसल्या होत्या. ठराव वाचून माना डोलविणें सोपें. आपल्या घरच्या लग्नांत खुर्ची मांडणें तेवढें राहून जातें. विधींत ढवळाढवळ होऊं नये म्हणून आम्हीं एवढी दक्षता घेतली, आणि घरांतलें माणूस वगळलें जात होतें तेथें आमची दृष्टि पोंचली नाहीं. ती एका परक्या तरुणाची पोंचली. कारण त्यानें आधीं विचारून ठेविलें होतें.

तेव्हां ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे त्यांस आमची सूचना अशी. साखरपुड्याच्या वेळीं किंवा त्यानंतर छायाचित्रकारानें मुलांबरोबर एक सकाळ घालविली, तर त्यास नाहीं म्हणूं नये. मुलांस संवय होते व त्यास माणसें कळतात. मात्र तें खर्चाच्या चढाओढीचें कारण होऊं देऊं नये. घरचें अंगण व जवळचा घाट यांवर पडणारें सकाळचें ऊन कोठल्याही राजवाड्यांतल्याइतकेंच चांगलें असतें. विधि थांबवावयाचा नाहीं, हें त्यास आधींच सांगावें व भटजींची आणि त्याची आदल्या दिवशीं गांठ घालून द्यावी. आणि त्यास दोन कागद द्यावे. एक विधींचा, दुसरा माणसांचा. दुसऱ्या कागदावर, जीं माणसें आपण होऊन पुढें येणार नाहींत त्यांचीं नांवें पहिल्यानें घालावीं. कोठींत कोण आहे, चुलीपाशीं कोण आहे, चालतां येत नाहीं म्हणून खोलींत कोण निजलें आहे, तें घरच्यांसच ठाऊक असतें. त्यांपैकीं कोणाची खरोखरच इच्छा नसेल तर आग्रह करूं नये. पण ‘त्यांना नको असतं’ हें त्यांच्या तोंडून ऐकावें, दुसऱ्याच्या नव्हे.

करार वाचून सही करावी. १९५७ च्या लेखनाधिकाराच्या कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी तें काढवून घेणारा असतो. परंतु उलट ठराव केला नसेल तरच. पुष्कळ छापील करारांत असा ठराव बारीक अक्षरांत असूं शकतो. आपल्या मुलीचें चित्र जाहिरातींत वापरावयाचें कीं नाहीं, हें सहीपूर्वींच ठरवावें.

राहिली चित्रें टिकविण्याची गोष्ट. आमचीं १९८४ चीं काळीपांढरीं चित्रें अद्यापि स्वच्छ आहेत. त्यानंतर दहा वर्षांनीं काढलेलीं आमच्या पुतण्याच्या मुंजीचीं रंगीत चित्रें तांबूस होऊन गेलीं. काळ्यापांढऱ्या चित्रांतली आकृति चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. नीट धुतलेलें असेल तर तें चित्र दीर्घकाळ राहतें. रंगीत चित्र तीन रंगद्रव्यांचें. त्यांतलें निळसर द्रव्य त्या काळच्या कागदांवर अंधारांतही विरत जाई, व मागें तांबडा रंग उरे. चिकट पानांचे अल्बमही वाईट. तो गोंद कालांतरानें पिवळा पडतो व चित्र सोडवतां येत नाहीं. साध्या कागदाचीं पानें व कोपरे धरणाऱ्या चकत्या, हीच जुनी रीत चांगली. आतांचीं चित्रें संगणकांत असतात. त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, वर्षांतून एकदां उघडून पाहाव्या, आणि हजारांतून निवडून पन्नास तरी कागदावर उतरवून घ्याव्या. जें चित्र उघडून कोणी पाहत नाहीं, तें असून नसल्यासारखेंच.

आणि जुन्या चित्रांच्या पाठीमागें नांवें लिहावीं. शाईनें नव्हे; शाई पुढें उमटते. मऊ पेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें, कोण कोण आहे व साल कोणतें. जाणतीं माणसें घरांत आहेत तोंवर हें काम उरकावें. वाचकांनीं या महिन्यांत एका सुटीच्या दिवशीं आपला अल्बम घरांतल्या सर्वांत वडील बाईच्या हातीं द्यावा, आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. कोण आहे तें विचारावें व कोण नाहीं तेंही विचारावें. आम्हीं परवां वधुप्रवेशाचें तें चित्र पानावरून सोडविलें व मागें लिहिलें : “वैशाख, सन १९८४. मधें नवी सून. उजवीकडे दाराशीं आईचा हात.”